पाव फेरा

४ मार्च, मंगळवार

ताई,

पत्राची सुरुवात कशी करायची या विचारात दोन कागद फुकट गेले, म्हणून थेट कामाचंच लिहिते.

टिटवीने नवी गिटार घेतली आहे. इलेक्ट्रिक. लाल रंगाची, डोळ्यांत खुपेल इतकी लाल. तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा ती आठ वर्षांची होती. आता एकोणीस पूर्ण. तू ठेवलेलं नाव तिने आजवर सार्थ केलंय, घरात शिरायच्या आधी जिन्यातून तिचा आवाज येतो. तिचा तिघींचा ग्रुप आहे आणि एकोणतीस तारखेला कॉलेजच्या सभागृहात त्यांचा पहिला कार्यक्रम आहे.

तर गिटार. खोक्यातून काढली, तारा जुळवल्या, आणि मानेवरच्या पहिल्या तीन फ्रेटच्या पट्ट्यांवर प्रत्येक सूर झणझणतो. बाटलीत माशी अडकावी तसा. पुढे पाचव्या-सहाव्यापासून स्वच्छ. मी बाबांसारखं केलं. तार पहिल्या फ्रेटवर दाबली, दुसऱ्या हाताने मान जिथे अंगाला मिळते तिथे दाबली आणि मधे डोकावले. फट नाहीच. तार मधल्या फ्रेटवर चक्क टेकलेली. म्हणजे मान मागे वाकली आहे. आतली सळई कारखान्यातच जास्त आवळली गेली असणार. बरोबर ना? मानेचं काम नेहमी तू करायचीस, मी आपली पॉलिश आणि वायरींना डाग देण्यातली. सळई सैल करायची हे कळतं, पण कोणत्या बाजूने फिरवायची आणि किती, इथे माझी गाडी अडते.

कंपनीला विचारलं. ते म्हणतात पाठवून द्या, सहा आठवडे लागतील. इथल्या दुरुस्तीवाल्याचं दुकान महिनाभर बंद. आणि टिटवी म्हणते, "आई, तू आजोबांच्या गिटारच्या दुकानात वाढलीस ना? मग तूच कर की!" तिला काय सांगू?

खोक्यात आलेली चावी चार मिलिमीटरची आहे, ती आत ढिली फिरते. पाचची आत जातच नाही. जोर लावला तर नटाचे कोपरे जातील, एवढं मला अजून आठवतं.

तुझा पत्ता आत्याकडून घेतला. तिनेच सांगितलं की तू शिलाई मशिनं दुरुस्त करतेस. मोठं पत्र लिहू नकोस. एका कार्डावर एक बाण काढलास तरी पुरे.

बाकी सगळं ठीक.

तुझी धाकटी


८ मार्च, शनिवार

ताई,

पोचलं का पत्र? चारच दिवस झालेत, मला कळतंय. पण मी रोज दुपारी दुकानातून घरी येऊन पत्रपेटी बघून परत जाते. जाऊन-येऊन पंचवीस मिनिटं. आमचे डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही जेवता कधी?" मी चष्म्याच्या दुकानात आहे, हे तुला आत्याने सांगितलं असेल. काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, दांड्या वाकवून गिऱ्हाइकाच्या कानामागे नीट बसवायच्या. बारीक काम आहे, हात गुंतून राहतात. हात रिकामे राहिले की माझं काय होतं ते तुला ठाऊकच आहे.

काल एका गृहस्थांची दांडी वाकवता वाकवता तोडली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. ते बिचारे म्हणाले, "असू दे." त्या 'असू दे'नेच मला जास्त लागलं.

सळईला अजून हात लावलेला नाही. डोक्याकडचं छोटं झाकण तेवढं उघडून पाहिलं. नट दिसतो. परत बंद केलं. असं सहा वेळा केलं असेल. शेवटी हे म्हणाले, "अगं, ते झाकण आहे, देव्हाऱ्याचा पडदा नाही. सारखं काय उघडतेस?"

टिटवीने काल एक विचारलं. जेवताना, सहज. "मावशीची बोटं मशीनमध्ये कशी गेली गं? आजोबा म्हणायचे, ती बटण बंद करायला विसरली. खरंच एवढी निष्काळजी होती ती?"

मी म्हटलं, जेव आधी, गार होतंय.

तुला हे कशाला लिहिलं कळत नाही. खोडता येईल, पण खोडलं की तू उजेडाकडे धरून वाचशील, तेव्हा राहू दे.

बाण पाठव ना.

धाकटी


१२ मार्च, बुधवार

ताई,

पाकीट काल आलं.

आधी वाटलं आत काहीच नाही. उलटं केलं तर कागदात गुंडाळलेली चावी हातात पडली. चार आणि पाचच्या मधली, इंचाच्या मापाची. माझ्या कसं डोक्यात आलं नाही! आणि कागदावर डावीकडे जाणारा बाण, आणि खाली तुझं अक्षर: "पाव फेरा. मग एक दिवस थांब."

सहा शब्द. अकरा वर्षांनी सहा शब्द. मी ते दुकानात वाचले, घरी वाचले, ह्यांना वाचून दाखवले. हे म्हणाले, "मुद्देसूद आहे तुझ्या बहिणीचं लिहिणं." खाली नाव नव्हतं, तब्येत विचारलेली नव्हती. पण चावी तू कपड्याच्या चिंधीत गुंडाळून मग कागदात ठेवली होतीस, म्हणजे पोस्टात आपटून पाकीट फाटू नये. तू आहेस तशीच आहेस.

संध्याकाळी टिटवीच्या समोर केलं. तारा थोड्या सैल सोडल्या, चावी घातली. कशी बसली म्हणून सांगू! डावीकडे पाव फेरा. लाकूड आतून जरासं करकरलं. मग पुन्हा तारा जुळवल्या. झणझण जवळजवळ गेली. पहिल्या फ्रेटवर अगदी किंचित, कान लावला तर. टिटवी नाचली. ती म्हणाली, "बस, आता हात लावू नकोस. परफेक्ट आहे." आज सकाळी दहाला ती गिटार घेऊन ढमीकडे गेली. ढमी म्हणजे तिची मैत्रीण, ड्रम वाजवते. सराव तिच्याच घरी असतो, कारण ड्रम उचलून कोण नेणार. गिटार आता शनिवारपर्यंत तिथेच.

तर मी थांबले आहे. म्हणजे थांबतेच आहे. एक दिवस म्हणालीस ना.

दुकानात आज गिऱ्हाईक नाही. बाहेर रस्ता खणून ठेवलाय, त्यामुळे कोणी फिरकत नाही. मी सगळ्या फ्रेमा पुसल्या, मग रंगाप्रमाणे लावल्या, मग परत होत्या तशा लावल्या.

बाकी काही नाही.

धाकटी


१७ मार्च, सोमवार

ताई,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

थांबले नाही मी. बुधवारी सकाळी टिटवी आंघोळीला गेली तेवढ्यात मी गिटार मांडीवर घेतली. ती किंचितशी झणझण माझ्या कानातून जाईना. म्हटलं अजून पाव. पाव झाला. फरक वाटेना. म्हणून आणखी पाव. मग तारा जुळवल्या, झाकण लावलं, आणि ती बाहेर आली तेव्हा मी भाजी चिरत होते.

मान लगेच हलत नाही. लाकूड आपल्या सवडीने वर येतं, म्हणून तर तू एक दिवस थांब म्हणालीस. ती आली वर, ढमीच्या घरी, बुधवार ते शनिवार, हळूहळू. शनिवारी टिटवीने हातात घेतली तेव्हा मधल्या फ्रेटवर तारा इतक्या उंच की खाली करंगळी जाईल. दाबून दाबून तिची बोटं सोलली. ती रडकुंडीला येऊन घरी आली आणि पहिला प्रश्न मला.

"आई, तू परत हात लावलास का हिला?"

"नाही गं. त्या पाव फेऱ्यानंतर नाही."

ताई, मी ठरवून नाही बोलले. शपथ. शब्द तोंडात तयारच होते, जसे कोणी आधीच ठेवून दिले असावेत.

मग तिने स्वतःच शोध लावला. ढमीच्या घरी गिटार खिडकीशी टेकवून ठेवली होती आणि तिथे दुपारचं कडक ऊन येतं. टिटवीने फोन लावला. मी शेजारच्या खोलीत घड्या घालत होते. "तुला साधी गिटार सावलीत ठेवता येत नाही? एवढं साधं लक्षात राहत नाही तुझ्या?" ढमी काहीतरी म्हणत असावी, कारण टिटवी मधेच ओरडली, "सॉरी म्हणून मान सरळ होते का?"

ढमीने काल ग्रुप सोडला. तिच्या आईने सांगितलं म्हणे की पोर दोन दिवस जेवली नाही, आणि सारखी विचारते, "मी खरंच उन्हात ठेवली होती का गं? मला तर पडदा ओढल्यासारखं आठवतंय."

हे वाक्य टिटवीने मला हसत सांगितलं. नक्कल करून. मी हातातला पेला सिंकमध्ये ठेवला.

कारण असलंच वाक्य मी आधी ऐकलं होतं. तुझ्या तोंडून.

आता लिहिते. थांबले तर राहील.

त्या दिवशी दुपारी वीज गेली. तू मागच्या खोलीत पट्ट्याच्या करवतीवर मानेचा ठोकळा कापत होतीस, तो पात्यात अडकला होता. वीज गेल्यावर तू बोर्डापाशी आलीस आणि करवतीचं बटण खाली केलंस. मी पाहिलं. मी बोर्डाच्या शेजारीच पॉलिशचा बोळा घेऊन बसले होते. तू परत जाऊन अडकलेला ठोकळा सोडवायला वाकलीस. आणि मी, मला स्वस्थ बसवतं का कधी, मी वीज आली का बघायला बोर्डावरची बटणं खटाखट वर-खाली करायला लागले. सगळी. दोन-तीनदा. तू म्हणालीससुद्धा, "ए भिंगरी, काय खटखट लावलीय?" मग मी कंटाळून शेजारच्यांकडे तरी वीज आहे का बघायला रस्त्यावर गेले. कोणतं बटण वर राहिलं आणि कोणतं खाली, मी बघितलंसुद्धा नाही.

रस्त्यावर होते तेव्हा वीज आली. समोरच्या शिंप्याचा पंखा फिरताना दिसला. आणि मग तुझी किंकाळी.

इस्पितळाच्या बाकावर बाबांनी विचारलं, "बटण बंद केलं नव्हतं?" तू अर्धवट गुंगीत होतीस. म्हणालीस, "केलं होतं बाबा." मग माझ्याकडे बघितलंस. "केलं होतं ना गं मी?"

मी म्हटलं, "मी बाहेर होते."

खोटं नव्हतं ते. बाहेर होतेच. त्या तीन शब्दांवर मी अकरा वर्षं उभी आहे. बाबा म्हणाले, "ज्याला बटण लक्षात राहत नाही त्याने यंत्राला हात लावू नये." आणि तू मान खाली घातलीस. मधलं बोट आणि अनामिका, तीही डाव्या हाताची, ज्या हाताने तू वाजवायचीस. आणि वर हे. महिनाभराने तू बॅग भरलीस तेव्हा मी टिटवीला शाळेत सोडायला गेले होते. मुद्दाम गेले होते. शाळेला सुट्टी होती त्या दिवशी.

आत्या म्हणते, तू पायाने चालणारीच मशिनं घेतेस, विजेची आली की परत पाठवतेस.

ताई, तू विसरली नव्हतीस. तू बटण बंद केलं होतंस.

धाकटी


१९ मार्च, बुधवार

ताई,

सोमवारचं पत्र मी टाकलं नव्हतं. पाकिटात घातलं, पत्ता लिहिला, तिकीट लावलं आणि पर्समध्ये ठेवलं. दोन दिवस पर्स जिथे, तिथे मी. दुकानातून पोस्ट दिसतं. जाताना त्याच्यासमोरून जाते, येताना त्याच्यासमोरून येते. दोनदा पेटीच्या तोंडाशी हात नेला आणि परत आणला. समोर फळं विकणाऱ्या बाईला वाटलं असेल, हिला लिहिता येतं पण टाकता येत नाही.

काल टिटवी कोणा नवीन ड्रमवाल्याशी फोनवर बोलत होती. "आमची आधीची होती ना, फार निष्काळजी. तिच्यावर काही सोपवण्यात अर्थ नाही." अगदी बाबांचा सूर. मी समोर जाऊन उभी राहिले.

"फोन ठेव."

"एक मिनिट—"

"आत्ता ठेव."

तिने ठेवला. मी म्हटलं, "गिटार मी बिघडवली. बुधवारी सकाळी, तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा. ढमीचा काही संबंध नाही. तिने पडदा ओढला होता की नव्हता, काही फरक पडत नव्हता."

तिने फोन टेबलावर उलटा ठेवला.

"मी विचारलं होतं तुला," ती म्हणाली.

"हो."

"तू नाही म्हणालीस. माझ्या डोळ्यांत बघून."

"हो."

"आणि मी ढमीला काय काय बोलले ते तू शेजारच्या खोलीतून ऐकत होतीस?"

मी मान हलवली. ती आत जाऊन दार लावील असं वाटलं होतं, पण ती तिथेच खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "का पण? मी रागावले असते, दहा मिनिटांत विसरले असते. एवढ्याशा गोष्टीसाठी कोणी असं करतं?"

मग मी तिला मोठी गोष्ट सांगितली. बोर्ड, बटणं, शिंप्याचा पंखा, बाक. सगळं. मधे हे कामावरून आले, दारातच थांबले, त्यांनीही ऐकलं. वीस वर्षं संसार केला, त्यांना हे पहिल्यांदा कळत होतं. त्यांनी पायातले बूटसुद्धा काढले नाहीत.

टिटवी शेवटी म्हणाली, "आजोबांना माहीत होतं?"

"नाही."

"म्हणजे ते गेले तेव्हाही..."

"हो. तेव्हाही. मावशी त्या दिवशी आली होती, फाटकाशी उभी राहिली आणि आत न येता परत गेली. मी खिडकीतून पाहिलं."

"मावशीला सांगितलंस?"

"लिहिलंय."

"टाकलंस?"

मी पर्सकडे बघितलं असणार, कारण तिने उठून पर्स उघडली आणि पाकीट काढलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "आणखी काही लिहायचं असेल तर आत्ता लिही. मी इथे बसते. उद्या सकाळी मी दोन्ही स्वतः टाकणार. तुझ्यावर माझा भरवसा नाही."

तर काल ती बसली होती आणि मी लिहीत होते, शेवटचं पान आज सकाळी लिहून पुरं करते. ती दारात चपला घालून उभी आहे. पाकिटाच्या मागे तिने स्वतःचा फोन नंबर लिहिलाय आणि खाली 'टिटवी'. मला विचारलं नाही.

काल बोलणं झाल्यावर ती ढमीकडे गेली होती. ढमीच्या आईने दार उघडलं, पाणी विचारलं, ढमी मात्र खोलीतून बाहेर आली नाही. मी उद्या जाणार आहे. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. ठरवलं की मी चांगलं खोटं बोलते.

धाकटी


३१ मार्च, सोमवार

ताई,

तू म्हणालीस, माफीचं पत्र लिहू नकोस, काय केलंस ते लिही. तेच लिहिते.

तुला माहीत नाही असं आधी सांगते. तेवीस तारखेला रविवारी सकाळी टिटवीचा फोन वाजला तेव्हा मी ओट्याशी उभी होते. तिने स्पीकर लावला आणि तुझा आवाज स्वयंपाकघरात आला. जरा जाड झालाय. "टिटवी का? मी मावशी. गिटार मांडीवर घे. तारा दोन-दोन फेरे सैल सोड." बस, एवढंच. दोन-चार दिवसांपूर्वी भेटल्यासारखं. टिटवीसुद्धा "हं, हं" करत गपगुमान ऐकत होती. उजवीकडे पाव फेरा. "आता ठेव. उद्या याच वेळी फोन करते. मधे कोणालाही हात लावू देऊ नकोस." 'कोणालाही' म्हणजे कोणाला, हे तिघांनाही कळलं. हे हळूच हसले. मीसुद्धा, मग ओट्याकडे तोंड करून रडले.

टिटवीने गिटार कपाटात ठेवून किल्ली गळ्यात घातली. तो दिवस मी कसा काढला ते मला ठाऊक. जिने पुसले. आमचे आणि शेजारच्यांचेही.

सोमवारी पुन्हा पाव फेरा. मंगळवारी तू तिला फट मोजायला लावलीस. "जाड कार्ड घे, सरकतंय का बघ. सरकलं पाहिजे, पण पडता कामा नये." सरकलं. टिटवीने सगळे फ्रेट एकेक करून वाजवले आणि तू पलीकडून ऐकत होतीस. एकदाच म्हणालीस, "तिसरा परत वाजव." तिने वाजवला. "ठीक आहे. झालं."

मला वाटलं तू आता ठेवणार. हातात कढई तशीच होती.

तेव्हा तू म्हणालीस, "तुझी आई आहे तिथे?"

"आहे."

"तिला विचार, बटण मी बंद केलं होतं ना?"

टिटवी माझ्याकडे वळली, पण तिला विचारायची गरज नव्हती. मी म्हटलं, "हो ताई. केलं होतंस. मी पाहिलं होतं." तुझ्यापर्यंत आवाज पोचला की नाही कळेना, म्हणून आणखी मोठ्याने म्हटलं, "तू बंद केलं होतंस!"

तुझ्या दुकानात कोणीतरी मशीन चालवत होतं, त्याची टकटक ऐकू येत होती. मग तू म्हणालीस, "माफ वगैरे मला जमेल असं वाटत नाही. ते विचारू नकोस. पण ज्याच्या ज्याच्यासमोर मी विसराळू ठरले, त्या प्रत्येकाला तू स्वतः जाऊन सांग. फोनवर नाही. समोर जाऊन. आणि काय केलंस ते मला लिही, माफीचं पत्र नको." आणि फोन ठेवलास.

तर आता काय केलं ते.

ढमीकडे मी वीस तारखेलाच गेले होते. तिला बाहेर बोलावलं, तिच्या आईसमोर सांगितलं. ती म्हणाली, "काकू, मी तीन रात्री त्या पडद्याचाच विचार करत होते. मला वाटलं मला वेड लागलंय." मी एवढंच म्हटलं, "नाही लागलं. तुला बरोबर आठवत होतं." ती कार्यक्रमाला वाजवायला आली, पण टिटवीशी अजून कामापुरतंच बोलते. टिटवी म्हणते, "माझंच चुकलं, सोसते." वाजवलं दोघींनी जीव ओतून. एकोणतीसला दुपारी सभागृह अर्धं रिकामं होतं, पंखे करकरत होते, आणि दुसऱ्या गाण्यात त्यांची गाणारी शब्द विसरली, तर ढमीने चार मात्रा जास्त वाजवून तिला सांभाळून घेतलं. मला ते नीट दिसलं. मी पहिल्या रांगेत बसायला लाजले, मागे दाराशी उभी होते.

काल आत्याकडे गेले. बसमधून उतरल्यावर दोन चकरा मारल्या तिच्या इमारतीभोवती, मग वर गेले. तू तिला पाहिलं नाहीस इतक्यात, ती आता फार कमी ऐकते आणि यंत्र लावत नाही, म्हणते कानात खाजतं. दारात उभी राहून मी म्हटलं, "आत्या, ताईचा हात माझ्यामुळे गेला."

"काय?"

"ताईचा हात! माझ्यामुळे गेला!"

"कोणाला घेऊन गेला?"

शेवटी मी जिन्यात उभी राहून ओरडले. "बटण मी चालू केलं होतं! ताईने बंद केलं होतं! मी अकरा वर्षं खोटं बोलले!" वरच्या मजल्यावरचं दार उघडलं, खालचंही उघडलं. एक गृहस्थ हातात वर्तमानपत्र घेऊन कठड्याशी आले. आत्या मात्र आता ऐकत होती. तिने मला आत घेतलं नाही. दाराला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मी तिला त्या वेळी काय बोलले होते माहीत आहे तुला? म्हटलं होतं, हात गेला तो गेला, बापाचं नाव का घालवलंस. पट्ट्या बांधलेल्या पोरीला. हे तू माझ्या तोंडून वदवलंस."

मी म्हटलं, "हो."

"आता ते मी परत कसं घेऊ?"

ती आत गेली, मला वाटलं दार लावणार, पण वही आणि पेन घेऊन आली. "तिचा नंबर लिही. मोठ्या अक्षरात." मी टिटवीकडून तुझा नंबर घेतला होता, तो लिहिला. तुला न विचारता दिला, हे कळवायलाच हवं. तिचा फोन येईल. ती ओरडून बोलेल आणि तुझं काही तिला ऐकू येणार नाही. उचल किंवा उचलू नकोस, तुझी मर्जी.

चहा विचारला नाही तिने. खाली उतरताना तो वर्तमानपत्रवाला बाजूला सरकला, मला वाट दिली.

बाबांचं काय करायचं ते मला कळत नाही. ते यादीत पहिले होते.

बाबांनी ज्यांना सांगितलं होतं त्यांतले राहिले काका आणि समोरचा शिंपी. शिंपी गाव सोडून गेला म्हणतात, त्याच्या मुलाकडून पत्ता काढते आहे. काकांकडे उद्याच जाते, सकाळच्या पहिल्या गाडीने. त्यांचे कान धड आहेत, तेव्हा एकदाच सांगावं लागेल.

धाकटी